त्याला आज आणखी आठवलं

गुरुवारी रात्री बाबा डॅट्सन काढायचे सित्र्याला,
पुलाच्या अलीकडे, जिथे भरतीचं पाणी
रस्त्याच्या दगडांना चाटून परत जायचं.
रिफायनरीची ज्योत त्यात उलटी जळायची.
आई थर्मास उघडायची. खबूसमध्ये गुंडाळलेली बटाट्याची भाजी,
आणि डॅशबोर्डात वेंडेलची कॅसेट.

वेंडेल ओक्लाहोमाचा, बाबांचा फोरमन.
त्याला दिगंबर म्हणता यायचं नाही, डिग् म्हणायचा.
कायमचा परत निघाला तेव्हा बुटांचा खोका दिला, आत अकरा कॅसेटी.
म्हणाला, ठेव तूच. माझ्या घरी आता कोण ऐकणार.

स्टील गिटार अशी वाजायची,
जसं कुणी ओल्या काचेवरून बोट ओढत नेतंय, सावकाश.
आमची काच ओली असायची ती बाहेरून.
आत एसी. आतून काही लिहिता यायचं नाही.

पुष्कर विचारायचा, काय म्हणतोय तो?
बाबा आवाज कमी करायचे.
"म्हणतोय, आमच्या विहिरीला सतरा पायऱ्या.
वरून तिसरी तुटकी.
अंधारातसुद्धा पाय आपोआप ओलांडायचा."

पुढच्या गुरुवारी, त्याच गाण्याला:
"म्हणतोय, म्हैस व्याली त्या रात्री
वडिलांनी कंदील माझ्या हातात दिला.
दुसऱ्या कुणाच्या नाही."

पण मागच्या वेळी तर विहीर होती!
"गाणं तेच आहे गं.
त्याला आज आणखी आठवलं."

आई समोरच्या पाण्याकडे बघत राहायची.
तिला इंग्रजी येत नव्हतं.
बाबा येत होते.

एरवी ते गावाबद्दल बोलले नाहीत कधी.
दर महिन्याला ड्राफ्ट जायचा, पत्र यायचं,
वाचून आहे त्याच घडीवर पुन्हा मिटायचे.
कुणी विचारलंच तर, सांगण्यासारखं काही नाही,
आणि उठून हात धुवायचे, कोपरापर्यंत,
शिफ्टवरून आल्यासारखे.

ओक्लाहोमात म्हशी असतात, विहिरी असतात,
हे मी सहावीच्या भूगोलात लिहूनही आले.
कुरियन मिसनी लाल रेघ मारली.
मला त्यांची कीव आली.

मग कधीतरी शब्द ऐकू यायला लागले.
गाण्यात विहीर नव्हती.
एक ट्रकवाला होता, त्याला सोडून गेलेली बायको,
आणि शेवटच्या कडव्यात, फार तर,
पायरीवर वाट बघणारा कुत्रा.
मी जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. पुष्कर ठसका लागेपर्यंत हसला.
बाबाही हसले.
त्या गुरुवारी म्हणाले, टायर जरा उतरलाय.
पुढे बरेच गुरुवार तो उतरलेलाच राहिला.

ते गेल्यावर एकदा आटपाडीकडे गेले, त्यांच्या गावी.
चुलत आत्या विहीर दाखवायला पुढे,
मी तिच्या मागून मोबाइल बघत उतरत होते,
आणि तिसरी पायरी ओलांडली.
ती थबकली. तुला गं कुणी सांगितलं?

काय सांगू.
एका अमेरिकन ट्रकवाल्यानं.

आता सित्र्याला समुद्र मागे ढकललाय.
डॅट्सन उभी राहायची तिथे भराव,
भरावावर कसलंसं गोदाम, त्याची लांब पांढरी भिंत.
मी भाड्याची गाडी भिंतीला लावते.
गाणं फोनमध्ये आहे, खरखर अजिबात नाही.
शब्द न् शब्द कळतो.
ट्रक जातो, बायको जाते, कुत्रा बसून राहतो.

पुन्हा लावते.
आवाज कमी करते, बाबा करायचे तेवढा,
आणि थांबते जरा वेळ,
त्याला आज आणखी काही आठवतंय का बघत.